गहिनीनाथांचे वय किती?

गेल्या वर्षी मे महिन्यात मालवण तालुक्यातील एका गावी विज्ञानशिक्षकांच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. चहाच्या वेळी एका बाईंनी सातवीतल्या मुलाची वही पुढे केली. मुलाने संत सोहिरोबानाथांवर निबंध लिहिला होता आणि शेवटी पेन्सिलीने एक प्रश्न जोडला होता : गहिनीनाथ सोहिरोबांना भेटले तेव्हा गहिनीनाथांचे वय किती होते? बाई म्हणाल्या, "मला उत्तर आले नाही. घरी विचारले तर आजीने गप्प बसवले म्हणतो. आता मी काय सांगू?"

प्रश्न सोपा नाही, पण अप्रतिम आहे. त्यात श्रद्धेची टिंगल नाही. मुलाने दोन सनावळ्या शेजारी ठेवल्या आणि वजाबाकी केली, इतकेच. आपणही आधी ती वजाबाकी करू.

सोहिरोबानाथ आंबिये हे बांद्याचे. जन्म १७१४ सालचा. सावंतवाडी दरबाराच्या चाकरीतले, कुलकर्णीपणाचे काम करणारे गृहस्थ. वयाच्या पस्तिशीच्या सुमारास ते दरबाराच्या कामासाठी निघाले असता इन्सुलीच्या रानात झऱ्याकाठी फणस खायला बसले. तेथे एक सिद्धपुरुष आला, सोहिरोबांनी त्याला गरे दिले आणि त्याने अनुग्रह दिला. हे सिद्धपुरुष म्हणजे गहिनीनाथ, असे परंपरा सांगते. म्हणजे साल साधारण १७४९. आता हेच गहिनीनाथ ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू निवृत्तिनाथ यांचे गुरू. निवृत्तिनाथांचा जन्म शके ११९५, म्हणजे १२७३ सालचा मानला जातो. त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीच्या गुहेत अनुग्रह झाला तेव्हा ते लहान होते, म्हणजे १२८० नंतरची काही वर्षे. दोन भेटींमध्ये सुमारे ४६५ वर्षांचे अंतर पडते. पहिल्या भेटीच्या वेळी गहिनीनाथ स्वतः निदान प्रौढ असणार. तेव्हा मुलाच्या प्रश्नाचे उत्तर : पाचशेच्या आसपास.

या उत्तरावर दोन प्रतिक्रिया नेहमी येतात. एक, "योगसामर्थ्याने काय अशक्य आहे?" दुसरी, "सगळ्या भाकडकथा!" आम्हाला दोन्ही आळशी वाटतात. पहिली मुलाचा प्रश्न गिळून टाकते. दुसरी मुलाच्या आजीला मूर्ख ठरवते, आणि आजी मूर्ख नसते. तिच्याकडे जी पोथी आहे ती तरी आपण नीट वाचली आहे का?

ही पोथी म्हणजे 'नवनाथ भक्तिसार'. धुंडीसुत मालू या कवीने ती शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली पूर्ण केली. चाळीस अध्याय, सुमारे साडेसात हजार ओव्या. सिंधुदुर्गातील अनेक घरांत ती श्रावणात वाचली जाते, आणि कथेतले मच्छिंद्रनाथ फिरत फिरत कुडाळ प्रांतातही येतात, त्यामुळे ती आपल्या गावची वाटते. कवी आपल्या कथेला 'किमयागार' नावाच्या ग्रंथाचा आधार सांगतो. हे नाव ध्यानात ठेवावे. धातू न गंजणारा करणे आणि देह न मरणारा करणे या दोन इच्छा आपल्याकडच्या रसविद्येत एकाच मुशीत घातलेल्या आहेत.

पोथीत मरण जागोजागी उलटवले जाते. गहिनीनाथांचा जन्मच पाहा : बालगोरक्ष संजीवनी मंत्र पाठ करत असताना मुलांनी चिखलाचे बाहुले करायला लावले आणि त्या चिखलात जीव आला. स्त्रीराज्यात मच्छिंद्रांनी मुलाला स्वच्छ धुऊन आणायला सांगितले, तर गोरक्षाने त्या मुलाला वस्त्रासारखे आपटून धुतले, कातडे वाळत घातले, आणि आक्रोश झाल्यावर मंत्राने पुन्हा उठवले. लहानपणी हे ऐकताना अंगावर काटा येतो. मोठेपणी वाचताना मात्र एक गोष्ट खटकते. मेलेला माणूस चिमूटभर भस्माने उठणार हे ठाऊक असले की कथेतल्या मरणाला वजन राहत नाही. दशावतारात रात्री मारलेला राक्षस पहाटे पेटी आवरताना विडी ओढत असतो, तसे.

याला एक मोठा अपवाद आहे आणि पोथीतला तोच भाग आम्हाला सर्वांत श्रेष्ठ वाटतो. राजा गोपीचंद स्नानाला बसला आहे. अंगाला सुगंधी तेल, भोवती राण्या. वरच्या माडीवरून त्याची आई मैनावती ते रूप पाहते आणि तिला नवऱ्याची आठवण येते. तोही असाच देखणा होता; त्याचे काय झाले? चिता. तिचे ऊन अश्रू खाली मुलाच्या अंगावर पडतात आणि तो वर पाहतो. ऐन तारुण्यातल्या मुलाला जोगी व्हायला सांगणारी ही आई देहाचा तिरस्कार करत नाही. त्या देहावर तिचे फार प्रेम आहे, म्हणून तो जळू नये असे तिला वाटते. अमरत्वाच्या साऱ्या खटाटोपामागे काय आहे ते या एका प्रसंगात कळते. ते कळल्यावर कोणा आजीची चेष्टा करावीशी वाटणार नाही.

मात्र मैनावतीची व्याकुळता खरी असली तरी तिच्यावरचा उपाय खरा ठरत नाही. हा उपाय म्हणजे जालंदरनाथ. राजाचे कान भरले जातात, आणि तो जालंदरनाथांना खड्ड्यात टाकून वर घोड्याची लीद भरतो. कित्येक वर्षांनी कानिफनाथ येतात, राजाचे धातूचे पुतळे खड्ड्याशी धरतात, ते पुतळे नाथांच्या कोपाने भस्म होतात आणि मग नाथ जिवंत बाहेर येतात.

वर्गात गणित करून पाहण्याजोगी ही जागा आहे. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, दीड मीटर खोल असा हवाबंद खड्डा धरू. घनफळ साडेचार घनमीटर, म्हणजे ४५०० लिटर. माणसाचे आकारमान वजा केले तर सुमारे ४४३० लिटर हवा. स्वस्थ पडलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो आणि २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे तासाला १२ लिटर. हवेत हा वायू पाच टक्के झाला की धाप लागते, डोके ठणकते. ४४३० चे पाच टक्के म्हणजे सुमारे २२१ लिटर, भागिले १२, साडेअठरा तास. योग्याने आपला चयापचय निम्म्यावर आणला असे उदारपणे मानले तर सदतीस तास. ऑक्सिजन संपण्याच्या आधी कार्बन डायऑक्साइडच माणसाला बाहेर काढतो, हे मुलांना नवे असते. लिदीने तर प्रकरण आणखी बिघडते. कुजणारी लीद स्वतः ऑक्सिजन खाते आणि तापते.

हे केवळ कागदावरचे नाही. हे तपासणारी माणसे आपल्याच राज्यात होऊन गेली आणि ती योगाची शत्रू नव्हती. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रिया क्ष-किरणांखाली, दाबमापकांवर तपासायला सुरुवात केली. त्याच संस्थेतील करंबेळकर, विनेकर आणि भोळे यांनी हवाबंद खड्ड्यात बसणाऱ्या माणसांवरचे निरीक्षण १९६८ साली प्रसिद्ध केले. त्याआधी, १९६१ साली, दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेत आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी रामानंद योगींना हवाबंद पेटीत बसवून मोजमाप केले; त्यांचा ऑक्सिजनचा वापर नेहमीच्या पातळीच्या बराच खाली गेला होता. ही नोंद महत्त्वाची आहे, ती दडवू नये. त्याच वर्षी वेंगर, बागची आणि आनंद यांनी हृदय थांबवण्याचा दावा करणाऱ्यांची तपासणी प्रसिद्ध केली. श्वास कोंडून छातीतला दाब वाढवला की मनगटाची नाडी हाताला लागेनाशी होते, पण ईसीजीच्या पट्टीवर ठोके उमटत राहतात. हाताने नाडी पाहणारा प्रेक्षक खोटे बोलत नव्हता. त्याचे साधन अपुरे होते.

मग येते उदयपूरचे प्रकरण. १९७३ साली कोठारी, बोर्दिया आणि गुप्ता यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालात सत्यमूर्ती नावाचे योगी आठ दिवस खड्ड्यात होते. दुसऱ्या दिवशी ईसीजी सरळ रेषेत गेला आणि आठव्या दिवशी खड्डा उघडण्याआधी अर्धा तास ठोके पुन्हा उमटू लागले. प्रचाराच्या पुस्तिकांत एवढेच छापतात. आपण विचारावे : त्या काळात योग्याकडे कोण पाहत होते? कोणीच नाही, खड्डा बंद होता. तारा सुटल्या असतील तरी ठोके उमटणार नाहीत. तारा सुटताना पट्टीवर जी गडबड दिसायला हवी ती दिसली नाही, असे संशोधकांचे म्हणणे होते. म्हणून हे प्रकरण आम्ही 'फसवणूक' म्हणून निकालात काढत नाही. पण मेंदूला रक्त मिळाले नाही तर काही मिनिटांत कायमची इजा होते, आणि हे गृहस्थ तर बाहेर येऊन शुद्धीवर होते. अशा वेळी हृदय सहा दिवस बंद होते असे मानायचे, की नोंदीत काही गफलत होती असे मानायचे? आमचे माप दुसऱ्या बाजूला झुकते. एकदाच झालेला प्रयोग, ज्यात मुख्य गोष्ट कोणी डोळ्यांनी पाहिली नाही, त्यावर शरीरशास्त्राचे पुस्तक बदलता येत नाही.

अमरत्वाबाबत फसणे ही काही आपल्याच पोथ्यांची मक्तेदारी नाही. अलेक्सिस कॅरेल या नोबेल मानकरी शास्त्रज्ञाने १९१२ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत कोंबडीच्या गर्भाच्या हृदयातील पेशी काचपात्रात वाढवायला घेतल्या. त्या १९४६ पर्यंत, खुद्द कॅरेलच्या मृत्यूनंतरही दोन वर्षे, जिवंत ठेवल्या गेल्या. कोंबडी इतकी जगत नाही. तेव्हा पेशी मुळात अमर आहेत असे पाठ्यपुस्तकांत शिरले. १९६१ साली हेफ्लिक आणि मूरहेड यांनी दाखवले की माणसाच्या सामान्य पेशी सुमारे पन्नास वेळा विभागल्या की थांबतात. मग कॅरेलच्या पेशींचे काय? त्यांना खाद्य म्हणून गर्भाचा अर्क घालत, त्यातून ताज्या पेशी पात्रात जात असाव्यात, हे आज बहुतेकांना पटणारे स्पष्टीकरण आहे. म्हणजे पात्र तेच, पेशी नव्या. चौतीस वर्षे एका मोठ्या प्रयोगशाळेत ही 'पोथी' चालली.

आम्हाला वाटते, गहिनीनाथांचे कोडेही याच चालीने उलगडते. पात्र तेच, माणसे नवी. नाथपंथात दीक्षेबरोबर नाव मिळते आणि नाव पुढे चालते. चांगदेवांच्या चौदाशे वर्षांबाबतही अभ्यासकांनी एकाच नावाच्या अनेक व्यक्तींची शक्यता मांडली आहे. हे सिद्ध झालेले नाही, पण पाचशे वर्षांच्या एका माणसापेक्षा पाचशे वर्षे टिकलेले एक नाव मानणे सोपे जाते. शिवाय इन्सुलीच्या रानात भेटलेल्या सिद्धाने आपले नाव काय सांगितले आणि त्याला गहिनीनाथ प्रथम कोणी म्हटले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पोथीच्या शेवटी एक तपशील आहे, तो वाचकांच्या नजरेतून बहुधा निसटतो. नाथ शके १७१० पर्यंत प्रकट रूपाने वावरत होते आणि मग गुप्त झाले, असे कवी सांगतो. शके १७१० म्हणजे १७८८. पोथी पुरी झाली १८१९ साली. फक्त एकतीस वर्षांचे अंतर! ऐकणाऱ्यांपैकी म्हाताऱ्यांनी नाथांना पाहिलेले असू शकेल, पण 'दाखवा' म्हणणाऱ्या तरुणाला मात्र ते आता दिसणार नाहीत. चमत्कार नेहमी हातभर अंतरावर असतो. कवीने हे मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. अशा कथा जिथे टिकतात तिथे त्या अशाच बसतात. पुन्हा, त्याच पोथीत नाथांच्या समाध्यांची ठिकाणेही सांगितली आहेत. पाथर्डी तालुक्यातील मढीला कानिफनाथांची समाधी आहे, तिथे दरवर्षी मोठी यात्रा भरते. समाधी आणि अमर देह या दोन्ही गोष्टी भाविकाच्या मनात गुण्यागोविंदाने नांदतात.

सोहिरोबांच्या बाबतीत उलट झाले. ते १७९२ साली रामनवमीला उज्जैनच्या मठातून निघून गेले आणि पुन्हा कोणाला दिसले नाहीत, असे सांगतात. समाधी नाही, म्हणून कथेला दार उघडे राहिले. आता शेजारचे उदाहरण घ्या. माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबेस्वामी. योगाभ्यासी, कडक आचाराचे, दत्तसंप्रदायातले मोठे नाव. जन्म १८५४, समाधी १९१४, नर्मदाकाठी गरुडेश्वरला. साठ वर्षे. जिथे तारखा लिहून ठेवल्या गेल्या, तिथे योग्याचे आयुष्य माणसाइतकेच निघते. जगात जिचे वय कागदोपत्री सर्वाधिक मानले जाते ती फ्रान्समधील जान काल्माँ १९९७ साली गेली तेव्हा १२२ वर्षांची होती, आणि त्या कागदांवरही शंका घेतल्या गेल्या आहेत.

वय कसे फुगते हे मुलांना आपल्या वाडीतच पाहता येईल. सत्तरीच्या पुढच्या माणसांची सांगितलेली वये लिहून आणायला सांगा. शून्य आणि पाच या आकड्यांवर संपणारी वये वाजवीपेक्षा जास्त निघतील. जनगणनेत हा प्रकार इतका नेहमीचा आहे की तो मोजायला स्वतंत्र निर्देशांक आहे. जन्ममृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा. त्याआधी जन्मलेल्यांची वये पुष्कळदा वादळांवरून, देवळाच्या जीर्णोद्धारावरून ठरतात. ऐंशीचे नव्वद होतात, नव्वदीचे शंभर. कोणी लबाडी करत नसते.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना आणखी एक हिशेब द्यावा. समजा, कोणा योग्याने म्हातारपण पूर्ण थांबवले. तरी पूर, वाघ, पटकी, पडझड आहेतच. त्यांनी वर्षाला हजारात एक इतकाच धोका आहे असे धरू. हे गृहीतक फारच उदार आहे. तर चौदाशे वर्षे पार करण्याची शक्यता ०.९९९ चा चौदाशेवा घात, म्हणजे सुमारे चोवीस टक्के. चारांतले तिघे वाटेतच जातील. न म्हातारे होणे आणि न मरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. समुद्रात ट्युरिटॉप्सिस नावाचा एक चिमुकला जेलीफिशसारखा प्राणी आहे. संकट आले की तो प्रौढावस्थेतून पुन्हा बालरूपात जातो, अशी नोंद १९९६ साली प्रसिद्ध झाली. मासे त्यालाही खातात.

हे सगळे कशासाठी, असे त्या बैठकीत एका गुरुजींनी विचारले. पोथी वाचणाऱ्याचे त्यात काय बिघडते? पाचशे वर्षांचे गहिनीनाथ मानल्याने काहीच बिघडत नाही. पण त्याच पोथीत कोणत्या अध्यायाने कोणती पीडा टळते याची यादी आहे, आणि नाथांच्या नावाने चालणारे शाबरी मंत्र विषावर वापरले जातात. वही दाखवणाऱ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या की त्यांच्याच शाळेतल्या एका मुलीच्या आईला काजूच्या बागेत फुरसे चावले तेव्हा संध्याकाळपर्यंत अंगारा चालू होता. दवाखान्यात पोहोचेतो हिरड्यांतून रक्त येत होते. बाई वाचली, पण मूत्रपिंडे सावरायला फार दिवस गेले.

मंत्राचे यश कुठून येते ते शिक्षकाने सांगायलाच हवे. चावणारे बरेच साप बिनविषारी असतात. विषारी सापही काही वेळा विष न सोडता चावतो. ही सारी माणसे मंत्राविनाही वाचणारी असतात, आणि त्यांची गोष्ट गावभर होते. उरलेल्यांची गोष्ट सांगायला तीच माणसे शिल्लक नसतात. फुरशाचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती मोडते. स्वच्छ काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटे ठेवून ते गोठते का, इतकी साधी ही चाचणी आहे. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. ती जितकी लवकर मिळेल तितके बरे. कोकणात फुरशी मुबलक आहेत, तेव्हा ही संजीवनी कोणत्या आरोग्यकेंद्रात मिळते हे प्रत्येक मुलाला पाठ हवे.

आता आजीकडे वळू. तिला देण्याजोगे एक उत्तर आपल्या परंपरेतच आहे, आणि ते आमच्या गणितापेक्षा जुने आहे. चांगदेव चौदाशे वर्षांचे, ज्ञानेश्वर कोवळ्या वयाचे. चांगदेवांना पत्राचा मायनाच ठरवता येईना : वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार? त्यांनी कोरा कागद पाठवला. त्यावर मुक्ताबाई काय म्हणाल्या हे महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी पोर जाणते. उत्तरादाखल ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. ज्याने काळाला चौदाशे वर्षे चकवले तो शिष्य झाला, आणि ज्यांच्यापुढे तो नमला ते १२९६ साली विशीच्या उंबरठ्यावर आळंदीला समाधिस्थ झाले. ही कथा रचणाऱ्यांना लांब आयुष्याचे कौतुक नव्हते असे नाही. पण कोणी कोणापुढे वाकायचे हे त्यांनी स्वच्छ ठरवले होते. सोहिरोबांचे मोठेपणही इन्सुलीला भेटलेल्या पुरुषाच्या वयावर टेकलेले नाही. ते त्यांच्या पदांत आहे, आणि ती पदे कोकणात आणि गोव्यात भजनाला आजही म्हटली जातात.

बाईंनी नंतर कळवले की त्यांनी वर्गात वजाबाकी करून घेतली. उत्तर फळ्यावर आल्यावर मुले हसली नाहीत, थोडी गप्प झाली. मग त्या मुलाने विचारले, की निवृत्तिनाथांना भेटले ते गहिनीनाथ आणि सोहिरोबांना भेटले ते गहिनीनाथ यांचे चेहरे सारखे होते का, हे पाहिलेला कोणी आहे का? बाईंनी हा प्रश्नही आमच्याकडेच पाठवला आहे.